हॉकीची उगवती पोरं ओळखायची कशी : मराठवाड्यातल्या नव्या प्रेक्षकासाठी

क्रिकेटमधल्या पोराचा हिशेब घरबसल्या लागतो. धावा, विकेटी, सरासरी, सगळं मोबाईलवर असतं. हॉकीत तसं नाही. पंधरा वर्षांची एखादी सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीतली पोरगी, अख्खा सामना पेलून नेते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिचं नावसुद्धा नसतं, कारण गोल दुसरीच्या नावावर पडलेले असतात. त्यामुळे हॉकीच्या पोरांवर लक्ष ठेवायचं तर नोंद आपली आपण करावी लागते, आणि गोल सोडून बाकीचं बघायची सवय डोळ्याला लावावी लागते. इथं त्याचीच रीत सांगितली आहे. संघ धरला आहे महाराष्ट्राचा, सब-ज्युनियर आणि ज्युनियर, मुलं आणि मुली दोन्ही. बघणारा मात्र संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीकडचा.

आधी शिडी

नवा माणूस इथंच गडबडतो. एकच मुलगा ऑगस्टमध्ये "१७ वर्षांखालील विभागीय विजेता" असतो आणि काही महिन्यांनी "महाराष्ट्र सब-ज्युनियर संघातून बाहेर". वाचणाऱ्याला वाटतं, पोरगं घसरलं. खरं तर या दोन वेगळ्या शिड्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

पहिली शिडी शाळेची. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय जिल्ह्याच्या स्पर्धा घेतं. पुढं विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय शालेय स्पर्धा. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. राज्याचे आठ क्रीडा विभाग आहेत. त्यातले छत्रपती संभाजीनगर आणि लातूर हे दोन आपले. महानगरपालिकेचं क्षेत्र जिल्ह्यापासून वेगळं खेळतं, म्हणून निकालात "नांदेड मनपा" आणि "नांदेड ग्रामीण" असे दोन संघ दिसले तर ती छपाईची चूक समजू नका. राज्य स्पर्धेच्या शेवटी निवड चाचणी होते आणि त्यातून महाराष्ट्राचा शालेय संघ ठरतो. म्हणजे हरलेल्या विभागातलं चांगलं लेकरूही वर जाऊ शकतं.

याच शिडीला लागून नेहरू हॉकी स्पर्धा आहे. तिचे गट वेगळे : १५ वर्षांखालील मुलं, १७ वर्षांखालील मुलं आणि मुली. नियमही वेगळा. इथं निवडलेला संघ नसतो, जिंकणारी शाळाच जशीच्या तशी पुढं जाते. त्यामुळे एखाद्या साध्या शाळेतला एकटा हुशार खेळाडू नेहरूत दिसणारच नाही, आणि मजबूत शाळेतला सोळावा खेळाडू दिल्लीपर्यंत जाऊन येईल. "नेहरू खेळून आलाय" एवढ्यावर कुणाचं माप काढू नये ते यासाठी.

दुसरी शिडी संघटनेची. जिल्हा संघटना, हॉकी महाराष्ट्र आणि त्यावर हॉकी इंडियाची राष्ट्रीय स्पर्धा. इथं सब-ज्युनियर म्हणजे १६ वर्षांखालील, ज्युनियर म्हणजे १९ वर्षांखालील, मग सीनियर. भारताच्या संघाकडे जाणारी वाट मुख्यतः या शिडीवरून जाते. शालेय स्पर्धेतून गुण मिळतात, प्रमाणपत्र मिळतं, नजरेत येता येतं. संघटनेच्या स्पर्धेत निवड समितीची माणसं बाकावर बसलेली असतात. दोन्ही बघा, पण वहीत दोन वेगळ्या रंगांच्या शाईनं लिहा.

आणि एक घोळ. भारताचा "ज्युनियर" संघ म्हणजे २१ वर्षांखालील. २०२५ च्या ज्युनियर विश्वचषकासाठी १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू चालत होता. म्हणजे राज्यात ज्युनियर गटातून बाहेर पडलेल्या पोराला देशाच्या ज्युनियर संघासाठी अजून दोन वर्षं शिल्लक असतात. ही दोन वर्षं बरेच लोक मोजायलाच विसरतात आणि एकोणिसाव्या वर्षी पोराला "संपला" म्हणून मोकळे होतात.

सहा-आठ नावं, जास्त नाही

सुरुवातीला वीस नावं लिहाल तर वर्षाच्या शेवटी एकाचंही काही सांगता येणार नाही. सहा घ्या, फार तर आठ. त्यात एक गोलकीपर, दोन बचावातले, दोन-तीन मधल्या फळीतले आणि एक-दोन फॉरवर्ड. सगळे फॉरवर्ड घेण्याचा मोह होतो, तो आवरा.

नावं कुठून मिळवायची? संभाजीनगरकरांची सोय आहे. विद्यापीठाच्या आवारात साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे आणि तिथं हॉकीही शिकवतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा की केंद्रातली सगळी लेकरं मराठवाड्यातली नसतात, महाराष्ट्रातलीही नसतात. एखादा मुलगा इथं तीन वर्षं राहून सराव करतो आणि राष्ट्रीय स्पर्धेला दुसऱ्याच राज्याची जर्सी घालतो. "आपला पोरगा तिकडून कसा खेळतोय" म्हणून गोंधळू नका. पहिल्या भेटीतच विचारून घ्यावं : नोंदणी कोणत्या राज्यातून आहे?

नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड आणि सिल्व्हर कप स्पर्धा होते. देशभरातले संघ येतात. इथं खेळ मोठ्या माणसांचा असतो, पण स्थानिक संघात मधूनच अठरा-एकोणीसचं एखादं पोर घातलेलं असतं. नेमकं तेच बघायचं. समोर पंजाबचा पस्तिशीतला फुलबॅक (मागच्या फळीतला बचावपटू) अंगावर आला की कोवळं पोर चेंडू सोडून देतं का, मान वर करून सोबतीला शोधतं का, हे शाळेच्या सामन्यात कधी कळत नाही.

बाकी जिल्ह्यांत विभागीय स्पर्धेची तारीख क्रीडा कार्यालयात विचारून घ्या आणि जाऊन बघा. पाऊस झाला की तारखा पुढं ढकलल्या जातात. निघण्याआधी त्या दिवशी सकाळी फोन केलेला बरा, नाहीतर परभणीला जाऊन चिखलाचं मैदान बघून परत यावं लागतं. २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, गावोगावी प्रदर्शनी सामने होतात. ते मजेसाठी बघावेत. त्या दिवसाची नोंद वहीत घेऊ नका.

वहीची पानं

दोनशे पानी साधी वही. एका लेकराला दहा पानं. पहिल्या पानावर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हे का, ते सांगतो. हॉकी इंडियाच्या याद्यांत आपल्याकडची नावं बहुधा तीन शब्दांची येतात. अक्षता ढेकळे यादीत "अक्षता आबासो ढेकळे" असते, वैष्णवी फाळके "वैष्णवी विठ्ठल फाळके". शाळेच्या यादीत आडनाव आधी, स्पर्धेच्या पत्रकावर नुसतं पहिलं नाव, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळं. एका राज्याच्या यादीत दोन शेख आणि तीन पवार सहज निघतात. जर्सीच्या नंबरवर तर अजिबात विसंबू नका, तो स्पर्धेगणिक बदलतो. हॉकी इंडियाच्या पोर्टलवर नोंदलेल्या खेळाडूला ओळख क्रमांक असतो. तो कुठल्या यादीत छापलेला सापडला तर नावाशेजारी उतरवून ठेवा, पुढचे सगळे वाद मिटतात.

नंतरच्या पानांवर दर सामन्याला एक ओळ. रकाने असे करा : तारीख, स्पर्धा आणि गट, समोरचा संघ, मैदान माती की टर्फ (कृत्रिम गवत), खेळलेली जागा, सुरुवातीच्या अकरांत होता का, मैदानावर किती मिनिटं, पेनल्टी कॉर्नरला (बचावाच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणाऱ्या संधीला) काय काम, कार्ड, आणि शेवटी एका वाक्याचा शेरा. गोलाचा रकाना सगळ्यात शेवटी, अरुंद.

माती की टर्फ हा रकाना बाहेरच्यांना विचित्र वाटेल, आपल्याला वाटू नये. मुरमाच्या मैदानावर चेंडू उसळतो. तिथं वाढलेलं पोर स्टिक जरा उभी धरून, अंग चेंडूमागं आणून अडवतं. त्याचा हात सावध असतो. तेच पोर टर्फवर आलं की चेंडू पाण्यावरून सटकत, सरळ आणि दुप्पट वेगानं येतो. तिथं स्टिक आडवी टाकून, गुडघे वाकवून, खाली बसून ट्रॅप करावा, म्हणजे स्टिकनं थांबवावा लागतो. ही सवय मोडून नवी लागायला काही महिने जातात. म्हणून मातीवरचा राजा टर्फवरच्या पहिल्या स्पर्धेत हमखास पडेल दिसतो. त्या एका स्पर्धेवरून नाव खोडू नका. दुसऱ्या टर्फ-स्पर्धेत तो अजून उभ्या स्टिकनंच ट्रॅप करत असेल, तर मात्र काळजीची गोष्ट आहे. एक पुरवणी : टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात ते चेंडू धड चालावा म्हणून. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि टर्फ कोरडी राहिली, तर तीही निम्मी मातीच. तसं वहीत लिहा, "टर्फ, कोरडी".

मैदानावर गेल्यावर

सामना १५-१५ मिनिटांच्या चार सत्रांचा. खालच्या पातळीवर सत्रं छोटीही ठेवतात, सुरुवातीला पंचांना विचारा. हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करतात आणि पत्रकात त्याची मिनिटं कुठंच उतरत नाहीत. म्हणून मोबाईलचं स्टॉपवॉच काढा. आपलं पोर आत गेलं की सुरू, बाहेर आलं की थांबवा. एका सामन्यात एकाच पोराला असं मोजता येतं, फार तर दोघांना. चार सत्रांत बत्तीस मिनिटं खेळलेला आणि अकरा मिनिटं खेळलेला, दोघंही पत्रकात "खेळला" एवढेच असतात. प्रशिक्षकाचं खरं मत या मिनिटांतून कळतं. त्यातही शेवटची पाच मिनिटं बघा, एका गोलाची आघाडी असताना. त्या वेळी बाकावर कोण बसवलं जातं आणि कोण आत राहतं, यावरून जितकं कळतं तितकं तासभर गप्पा मारूनही कळत नाही.

बसायची जागा मधल्या रेषेपाशी नको. गोलमागच्या कोपऱ्यातून, थोडं उंचावरून बघा. तिथून मैदानाची लांबी दिसते आणि चेंडू नसलेली पोरं दिसतात.

आता पहिले दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. जड जातं, पण करा. फक्त आपलं पोर. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी ते मान किती वेळा वळवतं? पास आल्यावर डोकं खाली घालून पळतं, की ट्रॅप करतानाच पुढचा पास ठरलेला असतो? आपल्या संघानं चेंडू गमावला की पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला टाकतं? सोळाव्या वर्षी वेग आणि ताकद बघून माणूस भुलतो. पण वेग वाढत्या अंगाबरोबर येतो-जातो, मान वळवायची सवय सहसा जात नाही. उंची एकाएकी वाढलेलं पोर वर्षभर अवघडल्यासारखं खेळतं. त्याच्या हातात स्टिक लांब झालेली असते, वाकण्याचा हिशेब चुकतो, पास दोन फूट मागं पडतात. त्या वर्षी फक्त त्याची मान बघा.

जागेनुसार कसोट्या वेगळ्या. फुलबॅक टॅकल किती करतो ते मोजू नका, टॅकल करायची वेळ किती वेळा येऊच देत नाही ते बघा. चांगला बचावपटू समोरच्याला कडेच्या रेषेकडे ढकलत नेतो आणि तिथं कोंडतो. जमिनीवर लोळण घेऊन टाळ्या मिळवणारा बहुधा आधी जागा चुकलेला असतो. हाफला दोन्ही अंगांनी पास देता येतो का ते तपासा. स्टिकच्या मागच्या गोल बाजूनं खेळता येत नाही आणि डावखुरी स्टिक हॉकीत नाहीच, त्यामुळे उजवीकडे पास देताना सगळ्यांचीच अडचण होते. ही अडचण ज्याच्या अंगावर दिसत नाही, त्याच्या नावाला खूण करा. फॉरवर्ड डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोल भागात) चेंडू येण्याआधी हलतो की आल्यावर, हे बघा. गोलकीपरबाबत धीर धरा. ही जागा सगळ्यात उशिरा पिकते आणि पंधराव्या वर्षीचा गोलकीपर पॅड सांभाळण्यातच अर्धा गुंतलेला असतो. त्याचं ओरडणं ऐका. आपल्या बचावाला नाव घेऊन, वेळेत, नेमकं सांगत असेल तर बाकीचं येईल.

पेनल्टी कॉर्नर मात्र चेंडूसकट बघायचा, कारण चार-पाच सेकंदांत तीन पोरांची परीक्षा होते. चेंडू गोलखांबापासून किमान १० मीटरवर, मागच्या रेषेवर ठेवतात. गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागं उभे असतात, बाकीचे मधल्या रेषेपलीकडे. पहिली परीक्षा चेंडू आत देणाऱ्याची : पुश सरळ आहे का, जोर दर वेळी सारखा आहे का, चेंडू उड्या तर मारत नाही ना. दुसरी स्टॉपरची : डीच्या बाहेर चेंडू एका झटक्यात मेल्यासारखा थांबला पाहिजे. इथं वीतभर चेंडू सरकला की फ्लिक करणाऱ्याचं, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढून गोलाकडे भिरकावणाऱ्याचं, पाऊल चुकतं आणि शिव्या मात्र त्यालाच बसतात. तिसरी फ्लिकरची : डावं पाऊल चेंडूच्या पुढं कुठं पडतं, अंग किती खाली जातं, आणि दर वेळी एकाच कोपऱ्यात मारतो का. नियम असा, की सरळ हिट मारली तर पहिला फटका गोलफळीच्या उंचीवर, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. ड्रॅग फ्लिकला ही अट नाही. म्हणूनच फ्लिकला एवढी किंमत. म्हणूनच लहान गटांत कमरेवर जोर घेऊन फ्लिक मारायची घाईही होते. पंधराव्या वर्षी सामन्यात दहा-दहा फ्लिक मारणाऱ्या पोराची पाठ धरते आणि मग सहा महिने ते दिसत नाही. असा कुणी वहीत असेल तर शेऱ्यात सरावाचाही उल्लेख ठेवा.

एक उलटी बाजू : बचावात पहिला धावून जाणारा. चेंडू सुटताच जो पोरगा फ्लिकरच्या अंगावर सरळ झेपावतो, तो. त्याच्या नावावर पत्रकात कधी काही येत नाही. त्याच्यासाठी वहीत एक ओळ राखून ठेवा.

पत्रक वाचताना

प्रत्यक्ष जाणं दर वेळी जमत नाही. लातूरहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पिंपरीच्या नेहरूनगरचं ध्यानचंद स्टेडियम गाठता येतं, पण रांची-राउरकेला कोण जाणार? मग पत्रकावर भागवावं लागतं. मोठ्या स्पर्धांचं पत्रक ऑनलाइन मिळतं. त्यात सुरुवातीचे अकरा कोण, गोल कोणत्या मिनिटाला, मैदानी की पेनल्टी कॉर्नरवरचा की पेनल्टी स्ट्रोकवरचा (फक्त गोलकीपर समोर असताना मारलेला), आणि कार्डं असतात. हिरवं कार्ड दोन मिनिटांचं, पिवळं किमान पाच.

समजा, महाराष्ट्राच्या सब-ज्युनियर मुली गटातल्या पहिल्या सामन्यात १४-० नं जिंकल्या आणि तुमच्या यादीतल्या मुलीनं पाच गोल केले. उपांत्यपूर्व सामन्यात हरियाणाकडून ०-२ अशी हार. या पाच गोलांचं काय करायचं? जवळपास काहीच नाही. राष्ट्रीय स्पर्धेत गटातली तफावत प्रचंड असते, दोन आकडी गोलांचे निकाल नेहमीचे. बघायचं ते हरियाणाच्या सामन्यात : ती सुरुवातीच्या अकरांत होती का? त्या सामन्यात आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाले का, आणि मिळाले असतील तर ते कुणामुळे? हरियाणा, झारखंड, ओडिशा, पंजाब, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश यांच्याविरुद्धचे सामने वहीत वेगळे अधोरेखित करा. वर्षभरात असे चारच हाती लागले तरी पुरे.

हॉकी इंडियानं राष्ट्रीय स्पर्धेत ए, बी, सी अशा श्रेणी आणि चढ-उतार आणल्यापासून निकाल वाचताना श्रेणी आधी बघावी लागते. बी श्रेणीतले सहा गोल आणि ए श्रेणीतला एक, यांची बेरीज करायची नाही.

लेकरू दिसेनासं झालं तर

वर्षाला तुमच्या आठांपैकी दोन-तीन नावं याद्यांतून गळतीलच. लगेच "फॉर्म गेला" लिहू नका. कारणं बहुधा मैदानाबाहेर असतात.

दहावी-बारावी हे पहिलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्धी यादी गायब. त्यात काही लेकरं मुळातच क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी खेळत असतात. गुण मिळाले की स्टिक माळ्यावर. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त कोण गुणांसाठी खेळतंय आणि कोण खेळासाठी, हे अकरावीच्या जूनमध्ये कळतं. जूननंतर नाव दिसलं तर पान चालू ठेवा.

स्थलांतर हे दुसरं. पोरगं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं, किंवा भोपाळ, भुवनेश्वर, जालंधरकडच्या अकादमीत. अकादम्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा वेगळ्या होतात. तिथं तो राज्याच्या नावानं दिसत नाही, अकादमीच्या नावानं दिसतो.

नोकरी हे तिसरं, आणि हे मोठ्या वयात. रेल्वे, सेनादल, बँका, तेल कंपन्या यांचे आपापले संघ आहेत. मुलगी रेल्वेत लागली की महाराष्ट्राच्या सीनियर यादीतून नाव जातं आणि रेल्वेच्या यादीत उगवतं. मराठवाड्यातल्या घरात ही नोकरी म्हणजे खेळाचं सोनं झालं असंच धरतात, आणि ते बरोबरच आहे. शिवाय राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढं असतं.

वय हे चौथं, जरा नाजूक. वयाच्या तपासणीत, हाडांच्या एक्स-रेत, काहीजण अडकतात. असं कानावर आलं तर वहीत "गटाबाहेर" एवढंच लिहा. कागदपत्राचा घोळ आहे की लबाडी, हे तुम्हाला ठरवता येत नाही, आणि गावात बोललेला शब्द लेकराला वर्षानुवर्षं चिकटतो.

राज्याच्या पुढं

तुमच्या वहीतलं एखादं नाव हॉकी इंडियाच्या शिबिराच्या यादीत आलं, की मोजायची पद्धत बदलते. बंगळूरूच्या साई केंद्रात संभाव्य खेळाडूंचं मोठं शिबिर भरतं, चाळीसच्या आसपास नावं असतात. त्यातून स्पर्धेसाठी अठरा-वीस. नुसतं शिबिरात बोलावणं ही अर्धीच पायरी आहे. लागोपाठ तीन शिबिरांच्या याद्यांत नाव टिकलं का, ते बघा. राखीव खेळाडूंची दोन नावं वाचायला विसरू नका, पुढच्या दौऱ्यात बऱ्याचदा तीच आत येतात.

इथून पुढं लक्ष ठेवायच्या स्पर्धा मोजक्या. मलेशियातली सुलतान ऑफ जोहोर कप, ज्युनियर आशिया कप आणि ज्युनियर विश्वचषक. विश्वचषक पूर्वी चार वर्षांनी व्हायचा, आता २०२१, २०२३, २०२५ असा दोन वर्षांनी होतो. हा बदल आपल्या कामाचा आहे. एकाच पोराला आता दोनदा, क्वचित तीनदा संधी मिळते. अरायजीत सिंग हुंदल २०२१ च्या संघात होता, २०२३ च्याही. आणि २०२४ मध्ये मस्कतला ज्युनियर आशिया कपच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला ५-३ नं हरवलं, तेव्हा पाचातले चार गोल त्याचे होते. पहिल्या विश्वचषकात बाकावर बसलेल्या पोराकडे त्यामुळे दुर्लक्ष करू नका.

ज्युनियर यशावरून सीनियरचा अंदाज बांधताना मात्र हात राखून. २०१६ ला लखनौत भारतानं ज्युनियर विश्वचषक जिंकला. त्या अठरांतले हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, सुमित, नीलकांत शर्मा, गुरजंत सिंग, सिमरनजीत सिंग आणि वरुण कुमार असे सात जण टोकियो ऑलिम्पिकच्या कांस्यपदक विजेत्या संघात होते. कर्णधार हरजीत सिंग नव्हता. २०२१ च्या भुवनेश्वरच्या ज्युनियर संघातून पॅरिस ऑलिम्पिकच्या संघात पोचले दोघेच, विवेक सागर प्रसाद आणि संजय. त्यातला विवेक तर ज्युनियर विश्वचषकाआधीच टोकियोचं पदक घेऊन आलेला. म्हणजे सोन्यासारख्या पिढीतही निम्म्याहून जास्त पोरं वर जात नाहीत, आणि कर्णधारपदाचा त्याच्याशी संबंध नाही.

हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा २४ जणांच्या संघात १६ भारतीय आणि त्यात किमान चार ज्युनियर असा नियम केला. त्यामुळे लिलावात कोवळी नावं येतात. किंमत बघून हुरळू नका, पुन्हा स्टॉपवॉच काढा : चार ज्युनियर संघात घ्यावे लागतात, मैदानावर उतरवावे लागतात असं नाही.

मुलींच्या बाबतीत महाराष्ट्राकडे ताजं उदाहरण आहे. अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, तिघी सातारा जिल्ह्यातल्या, फलटणच्या बाजूच्या, आणि तिघी भारताच्या जर्सीपर्यंत गेल्या. फलटण काही मोठं शहर नव्हे. एका तालुक्यातून एकामागोमाग एक मुली येतात, त्याअर्थी तिथं कुणीतरी रोज सकाळी मैदानावर उभं राहतं. मराठवाड्यात नावं शोधताना जिल्ह्यांपेक्षा असं मैदान शोधा, जिथं सलग तीन वर्षं तोच प्रशिक्षक आहे. त्या मैदानावरून दोन नावं वहीत आली पाहिजेत.

लेकरांशी वागताना

ही सगळी अल्पवयीन मुलं आहेत. जन्मतारीख, शाळा, घरचा पत्ता वहीत असू द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. फोटो प्रशिक्षकाला विचारून. खेळाडूला, विशेषतः मुलींना, परस्पर मेसेज करू नये, विचारायचं ते प्रशिक्षकाला किंवा आई-वडिलांना विचारावं, "सर, हिला आता कुठं खेळवताय?" एवढं पुरतं. आणि सामना हरल्यावर पोराला गाठून चुका सांगायला जाऊ नका. ते काम घरी जाईपर्यंत चार जणांनी केलेलं असतं.

दर वर्षी मे महिन्यात, स्पर्धा थंडावल्या की, वही काढा. वर्षभरात ज्याच्या पानावर पाचपेक्षा कमी ओळी आहेत, त्याचं नाव एक वर्ष राखीव पानावर टाका, खोडू नका. रिकाम्या झालेल्या जागी नवं नाव घ्या, शक्यतो १४ वर्षांखालच्या गटातलं, आणि त्याच्या पहिल्या पानावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहा.